आईला रात्रीचं इन्सुलिन सुरू झालंय, मग गोळ्या चालू ठेवायच्या का?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, शुगर बरीच जुनी, आत्तापर्यंत गोळ्यांवर भागत होतं. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ९.४ आला म्हणून डॉक्टरांनी रात्री झोपताना ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, १० युनिट सुरू केलं आणि गोळी होती तशीच ठेवली, म्हणजे ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ. उपाशीपोटीची २१० वरून १५० च्या आसपास आलीये. पण आईचं एकच, सुई टोचून घेतेय तर गोळ्या कशाला, किडनीवर डबल लोड येतो, शेजारच्या काकूंनीही तेच डोक्यात भरवलंय. त्यात परवा संकष्टीला सकाळी चहाबरोबर गोळी घेतली, पोटात काही नाही, आणि दुपारी चारच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मीटरवर ५८. साखरपाणी दिल्यावर सावरली. आता ती इन्सुलिनच बंद करायचं म्हणतेय. तुमच्याकडे कोणी दोन्ही एकत्र घेतं का?

निशिगंध:
वारणाकाठ, आमच्या बाबांचं गेली काही वर्षं असंच चालू आहे. आधी एक सांगते, इन्सुलिन परस्पर बंद करू देऊ नका, आणि ५८ आलेली डॉक्टरांना आजच फोन करून कळवा.

आता गोळीचं. तिच्यात दोन वेगळी औषधं आहेत. मेटफॉर्मिन लिव्हरमधून रात्रभर सुटणारी साखर कमी करतं आणि अंगाला इन्सुलिन लागू पडायला मदत करतं, म्हणून इन्सुलिन सुरू झालं तरी ते बहुतेकदा चालूच ठेवतात, डोसही कमी लागतो आणि वजन वाढायचं जरा आटोक्यात राहतं. नुसतं त्याने शुगर सहसा लो होत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावतं, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा, त्याचं काम चालूच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास आणि सकाळी ती गोळी, त्यात रात्रीचं ग्लार्जिनही अंगात, मग दुपारी शुगर पडली यात नवल नाही. आणि किडनीचं म्हणाल तर वर्षानुवर्षं चढलेली शुगरच किडनी खाते. क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) करून घ्या, ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन बंदच करतात, त्यामुळे तो रिपोर्ट हातात असलेला बरा.

कऱ्हाडची_लेक:
निशिगंधताईंशी सहमत. दादा, ही जोडगोळी असल्यामुळे घरच्या घरी "फक्त ग्लिमेपिराइड कमी करू" असं जमत नाही, अर्धी केली तर मेटफॉर्मिनही अर्धं होणार. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दोन्ही वेगवेगळ्या लिहून देता का, आणि उपासाच्या दिवशी काय करायचं तेही चिठ्ठीवरच लिहून घ्या.

शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मीटर, अजून कमी असेल तर परत तेवढीच. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. सावरल्यावर पोळीभाजी काहीतरी खायला घालाच कारण या गोळीचा अंमल लांबतो आणि शुगर परत पडू शकते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ हॉस्पिटल.

आणि पोटावर हात फिरवून बघा, रोज एकाच जागी टोचून टोचून चरबीची गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून माणसं तिथेच टोचतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलत राहा. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने काढायचं नाही, पेनमध्ये एका मिलीत १०० युनिट असतात आणि आपल्याकडची लाल टोपीची सिरिंज मिलीला ४० युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची, डोस अडीचपट जाईल.

वारणाकाठ:
खूप आभार दोघींचे. डॉक्टरांशी बोललो. मेटफॉर्मिन वेगळं दोन्ही वेळा, ग्लिमेपिराइड १ फक्त सकाळी नाश्त्यासोबत, उपास असेल त्या दिवशी नाही. ग्लार्जिन चालूच, आणि उपाशीपोटीची १३० च्या आत येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवा म्हणाले, मध्ये कधी ७० च्या खाली गेली तर वाढवायचं थांबवून फोन करा. आईला गोळीत दोन औषधं असतात हेच माहीत नव्हतं, ते कळल्यावर सुईवरचा राग जरा उतरलाय.

निशिगंध:
छान झालं. डोस वाढवताना अधूनमधून पहाटे तीनची शुगरही बघा, झोपेत लो झालेली कळत नाही. चालू पेन साधारण २८ दिवस बाहेर चालतं पण उन्हाळ्यात तुमच्याकडे लाइट गेली की घर तापतं, मातीच्या मडक्यात पाणी घालून आत वाटीत ठेवा. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, फ्रीझरजवळ नको, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.