मदत हवी आहे: बोगार्टांच्या 'आंटी'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, नमस्कार.

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा 'लॉरविन एक्लिप्स्ड' हा नवा संच २३ जानेवारी २०२६ ला येतोय. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या प्रीरिलीजला, म्हणजे संच बाजारात येण्याआधीच्या खेळाला, आमच्या गिरगावच्या चाळीतली चार मुलं माझ्यासोबत येणार आहेत. सगळी आठवीतली, मराठी माध्यमातली. सहा पाकिटं फोडून ४० पत्त्यांचा डेक लावायचा सराव जुन्या पत्त्यांवर झालाय, त्याची काळजी नाही. पण चित्र दिसलं की 'हा कोण? हा असा का?' सुरू होतं, आणि तिथे माझी मराठी कमी पडते. म्हणून त्यांच्यासाठी या जगाची दोन पानी ओळख लिहायला घेतलीय.

लॉरविन हे या खेळातलं एक जग, पहिल्यांदा २००७ साली आलं. तिथे माणूस औषधालाही नाही. सूर्य मावळत नाही, बारमाही उन्हाळा. साधारण तीनशे वर्षांनी 'ग्रेट ऑरोरा' यायची आणि त्याच जागी अंधारं शॅडोमूर व्हायचं. जीव तेच, स्वभाव पालटलेले, आणि आधीचं काही आठवत नाही. किथकिन नावाच्या बुटक्या लोकांची मनं एकमेकांना जोडलेली असतात. उजेडात त्यामुळे ते गुण्यागोविंदाने राहतात, अंधारात त्याच धाग्याने एकाचा संशय सगळ्या गावात पसरतो. मला हे जग आवडतं ते यासाठी. नव्या संचात दिवस आणि रात्र एकाच वेळी शेजारी-शेजारी आहेत.

आता अडचण. 'फेरी'ला परी म्हटलं की मुलांना छडीवाली, वर देणारी परी दिसते. इथल्या फेरी म्हणजे किड्यासारखे पंख असलेल्या, तिघी-तिघींनी हिंडणाऱ्या, आपल्या राणीसाठी लोकांची स्वप्नं चोरणाऱ्या. कोकणातला चकवा स्वभावाला जवळचा वाटतो, पण चकव्याला रूप नसतं. 'मेरो' हे नदीतले लोक. साती आसरा आठवल्या होत्या, पण माझी आजी विहिरीवर त्यांना हळदकुंकू वाहायची, ते नाव पत्त्याला द्यायला हात धजत नाही. 'जायंट'ला राक्षस म्हणणं अन्यायाचं, मी महाकाय लिहिलंय. फ्लेमकिन मात्र चटकन जमले. अंगावर ज्वाळा घेऊन आपल्या मार्गाच्या शोधात चालत राहणारे. 'वारीला निघालेत' म्हटल्यावर मुलांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

सगळ्यात अडलंय ते बोगार्टांपाशी. या खोडकर टोळ्यांची म्होरकी म्हणजे 'आंटी'. नवा वास, नवी चव, नवा अनुभव, काहीही सापडलं की टोळीत आणून वाटायचं. एकट्याने दडवणं हा मोठा गुन्हा. काकू परकी वाटते, आत्या धाकाची. 'माय मरो, मावशी जगो' म्हणणारी आपली भाषा, म्हणून मन मावशीकडे झुकतं. पण मुंबईत कामाला येणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात, त्यातून मुलांनी भलताच अर्थ घेऊ नये असं वाटतं. तुम्ही काय म्हणाल?

नावासाठी इतका जीव का टाकतोय? २०१६ साली या खेळात भारतीय वळणाचं जग आलं, 'कालादेश'. कलेचा देश असं मनात धरलं तरी आपल्या कानाला ते 'काळा देश'च ऐकू येतं. २०२५ च्या 'एथरड्रिफ्ट'मध्ये त्या जगाचं नाव 'आविष्कार' झालं. चुकलेला शब्द मुलांच्या डोक्यात एकदा बसला की काढणं फार जड जातं.

मालवणी, आगरी, कुठल्याही बोलीतला शब्द चालेल. कुणी वरळी, माहीम किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं असेल तर मेरोसाठी नक्की लिहा; पाण्यात राहणाऱ्यांना तुमच्याकडे घरात काय म्हणतात? १० जानेवारीला पानं झेरॉक्सला द्यायची आहेत.