जुनी, हाताने घडवलेली टिन व्हिसल: घेताना काय बघावं?

वेळूवन:
नमस्कार मंडळी. सध्या कारखान्यातली साधी डी व्हिसल (सहा भोकांची, डी या मूळ स्वराची छोटी उभी बासरी) वाजवतो. आता कारागिराच्या हातची घ्यायची आहे, पण नवीसाठी लांबलचक प्रतीक्षायादी. वापरलेल्यांत कोपलंड या कारागिराची एक पितळी आणि ओव्हरटन नावाची एक लो डी (एक सप्तक खालची, मोठी व्हिसल) दिसली. दोन्हींचा भाव नव्याच्या जवळपास! वापरलेली वस्तू इतकी महाग कशी? आणि तपासायचं काय?

रानपाखरू:
साध्या प्लास्टिकच्या डोक्याच्या (म्हणजे फुंकायच्या भागाच्या) व्हिसलला जुन्यात गिऱ्हाईक नाही. नवीच इतकी स्वस्त की टपालखर्च जड होतो. तुम्ही म्हणताय त्या मात्र वेगळ्या.

सुषिर:
भाव ठरतो तो कारागिराकडच्या रांगेवर. ज्याच्यासाठी थांबावं लागतं त्याची वापरलेली व्हिसल लगेच हातात येते, म्हणून ती नव्याच्या भावात जाते. त्याने काम थांबवलं की आणखी चढते. बर्नार्ड ओव्हरटननी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयरिश वादक फिनबार फ्युरींसाठी ॲल्युमिनियमच्या नळीची लो व्हिसल घडवली. पुढे त्याच नावाने कॉलिन गोल्डींनीही बनवल्या. तेव्हा नुसतं 'ओव्हरटन' ऐकून पैसे देऊ नका, कोणाच्या हातची ते आधी विचारा.

व्हिसलचा सगळा जीव फुंकर जाते त्या अरुंद वाटेत आणि समोरच्या धारेत (जिथे फुंकर आदळून स्वर उमटतो) असतो. नळीवर ओरखडे आहेत, पितळ काळवंडलंय, तर काही बिघडत नाही. धार वाकलेली किंवा कुणी कानस मारून 'सुधारलेली' असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. धारेचा जवळून फोटो मागाच.

त्याहून महत्त्वाचं ध्वनिमुद्रण. दोन्ही सप्तकं सावकाश, एकेक स्वर धरून. वरचे शेवटचे दोन स्वर किंचाळतात का, त्यांना किती जोर लागतो, ते कान देऊन ऐका. ट्यूनरवर (स्वर मोजायच्या यंत्रावर) उतरलेली दिसली तर खोली थंड होती का विचारा. तापमानाच्या दर अंश सेल्सियसला साधारण ३ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. स्लाइड (डोक्याचा सरकता जोड) असली तर डोकं बाहेर ओढून स्वर उतरवता येतो. डोकं आधीच पूर्ण आत असेल तर चढवायला जागा उरत नाही, म्हणून किंचित चढी असलेली बरी.

कळक:
लाकडी घेणार असाल तर डोक्यावर, विशेषतः धातूच्या जोडापाशी, केसासारखा बारीक तडा शोधा. आणि परदेशातून येणार असेल तर लाकूड कोणतं ते विचारा. आफ्रिकन ब्लॅकवूड २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत, आहे, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड त्याहून कडक अशा परिशिष्ट १ मध्ये आहे, त्याला ती सूट नाही.

वेळूवन:
खूप आभार! कोपलंडवाल्यांनी मुद्रण पाठवलं. खालचं सप्तक फार गोड आहे, पण वरच्या सप्तकातला 'बी' हा स्वर घुसमटल्यासारखा येतो. सोडून देऊ?

सुषिर:
इतक्यात नको. वाटेत लाळेचा थर साचला की नेमकं असंच होतं. त्यांना डोकं काढून कोमट साबणपाण्यात बुडवायला सांगा. मग वाटेतून मऊ कागदाची पट्टी फिरवायची. पिन किंवा तार अजिबात घालू देऊ नका, धारेला लागली तर संपलं. पूर्ण वाळल्यावर तोच स्वर पुन्हा मुद्रित करून मागवा. तेव्हाही घुसमटला तर मात्र घेऊ नका.