रस्ता रुंदीकरणाशेजारची जुनी ज्यू दफनभूमी : कागद, नोंद आणि दुरुस्ती

खाडीकाठ
रायगड जिल्ह्यातल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या शहरात बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) समाजाची जुनी दफनभूमी आहे. कबरींवर हिब्रू आणि मराठी असे दोन्ही लेख आहेत. समाजातली बहुतेक कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला किंवा मुंबई-ठाण्याला गेली, ट्रस्टचं काम मोजकी वयस्कर मंडळी पाहतात. नव्या विकास आराखड्याचं सर्वेक्षण आता सुरू होतंय आणि शेजारचा रस्ताही रुंद होणार आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हेरिटेज यादीत नाव गेलं की जागा वाचते का? पुसट होत चाललेल्या लेखांची नोंद कशी घ्यावी? आणि कलंडलेले दगड व आतली दगड-विटांची पडकी खोली सिमेंटने पक्की करून घ्यावी का?

टिपण_फाळणी
हेरिटेज यादी हवीच, पण ती नंतर. आधी ही जागा सरकारी कागदावर दफनभूमी म्हणून दिसते का ते पाहा. गाव नकाशा, फाळणी आणि टिपण (जुन्या मोजणीच्या नोंदी व नकाशे) यांच्या नकला उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, नसेल तर सातबारा. सातबाऱ्यावर दफनभूमीचं क्षेत्र पोटखराबा (लागवडीखाली न येणारी जमीन) वर्ग 'ब' मध्ये, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीत, असायला हवं. ते लागवडीयोग्य किंवा वर्ग 'अ' मध्ये दिसत असेल तर तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा.

घोळ बहुतेकदा सर्वेक्षणातच होतो. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो. पावसाळ्यानंतर पुरुषभर गवत माजलेली जागा त्यात 'मोकळी जमीन' म्हणून रंगते. मग प्रारूप आराखड्यात तिथे रहिवास विभाग पडतो, आणि कलम २६ ची सूचना निघाल्यावर हरकतींची धावपळ सुरू होते. म्हणून सर्वेक्षण चालू असतानाच गवत कापून घ्या आणि मोजणी नकाशा, फोटो व कबरींची यादी नगररचना कार्यालयात देऊन पोच घ्या.

दुसरा कागद ट्रस्टचा. धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे ट्रस्ट नोंदवहीच्या उताऱ्यात, ही मिळकत नोंदलेली आहे का? असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. नोंद नसेल तर हे संरक्षण दाखवायचं कशाच्या आधारावर?

१०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र हा नियम केंद्रीय संरक्षित स्मारकांचा आहे, इथे तो आपोआप लागू होत नाही. हरकतीत तो लिहिलात तर त्याच एका मुद्द्यावर अर्ज निकालात निघेल.

शिळाप्रेस
नोंद झाल्याशिवाय एकही दगड हलवू नका, उचलून भिंतीला टेकवूही नका. जागेवरून हललेला दगड कोणत्या कबरीचा, हे पुन्हा ठरवता येत नाही.

गवत विळ्याने काढा. ग्रासकटरची दोरी दगडाच्या कडा उडवते, म्हणून दगडापासून वीतभर अंतर हातानेच. मग ओळी पाडून प्रत्येक कबरीला क्रमांक द्या. तो नकाशावर आणि फोटोत ठेवायच्या पाटीवर लिहायचा, दगडावर रंगाने कधीच नाही. प्रत्येक कबरीसाठी लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये, दगडाचा प्रकार, दिशा, भेगा आणि लेख ओळीनुसार जसाच्या तसा. अशुद्ध वाटलं तरी सुधारू नका, जुनं मराठी वळण तसंच यायला हवं. वाचता न आलेल्या अक्षरांची जागा चौकोनी कंसात ठेवा.

पुसट अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नका. उन्हं कलताना आरशाने उजेड दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, १०-१५ अंशांत पाडा. खोदीव अक्षरं सावलीने उठून येतात. उजेड डावीकडून, उजवीकडून आणि वरून पाडून तीन फोटो घ्या, कारण एका दिशेने न दिसणारी रेघ दुसरीने दिसते.

हिब्रू सालात हजाराचा आकडा बऱ्याचदा गाळलेला असतो. ६६० म्हणजे ५६६०. तीन अंकी सालात १२४० मिळवा, इसवी सन १९०० येतं. ज्यू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष कमी धरा.

चुना_सुरखी
सिमेंट नको. ते जुन्या विटेपेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र असतं. भिंतीत चढलेली ओल सांध्यातून बाहेर पडायची, ती विटेतून पडू लागते. क्षार विटेत साठतात आणि काही पावसाळ्यांत वीट भुगा होऊन गळते, सिमेंटचा सांगाडा तेवढा उरतो. कबरीभोवती कोबा घातला की तीच ओल दगडात चढते. तिथे खडीचा थर पुरे.

खोलीचे सांधे २०-२५ मिलिमीटर खोल हाताने खरवडा, पाणी मारा आणि भिजवून मुरवलेला चुना १, विटांची सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) १, चाळलेली वाळू २ या मापाने भरा. आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. काम दिवाळीनंतर सुरू करून थंडीत आटपा. कोकणातल्या पावसात नुसता चुना धरत नाही, सुरखी घातली तरी कोवळा सांधा वाहून जातो. भिंतीतला पिंपळ ओढून उपटू नका, मुळांबरोबर भिंत येते. बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा.

संगमरवरी दगड फक्त पाण्याने आणि मऊ ब्रशने, खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळांचे डाग बसतात. बोटाला साखरेसारखे कण लागत असतील तर हातच लावू नका. ॲसिड संगमरवर विरघळवतं. टिचकीला पोकळ आवाज येणारा दगडही जाणकाराकडे सोपवा. जुन्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि दगड फोडतात. बदलायच्या तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा, खाऱ्या हवेत ३०४ ला खड्डे पडतात.

खाडीकाठ
खूप मोलाची माहिती, आभार. रस्त्याच्या बाजूला कंपाउंड भिंतीसाठी सलग चर खणायचा प्रस्ताव आहे. चालेल?

टिपण_फाळणी
नाही. खुणा नसलेल्या कबरी बहुधा कडेलाच असतात, काही आजच्या कुंपणाबाहेरही. ज्यू धर्मनियमांत कबर उकरणं सहसा वर्ज्य, त्यामुळे 'हाडं दुसरीकडे हलवू' हा पर्याय समाजापुढे ठेवूच नका. जमिनीतल्या रडारचं भाड्याचं यंत्र कुणी सुचवेल, पण ओल्या चिकणमातीत त्याचे तरंग फार खोल जात नाहीत. करायचंच तर एप्रिल-मेमध्ये.

जिथे कबर नाही अशी खात्री झाली तिथेच, साधारण ३ मीटरवर, हाताने खड्डे घेऊन खांब आणि त्यांच्यावर जमिनीलगत तुळई टाका, भिंत तिच्यावर. खड्डा खणताना समाजाचा माणूस हजर हवा, आणि शनिवारी काम नको. तुळईखालून पाणी निघायला जागा ठेवा. दर डांबरीकरणात रस्ता चढत गेला की दफनभूमीचं तळं होतं. जुना थर खरवडूनच नवा टाकावा आणि गटाराची पातळी आतल्या जमिनीपेक्षा खाली राहावी, हे रस्त्याच्या कामाच्या अटींत निविदा निघण्याआधी लिहून घ्या.