मदत हवी आहे: देशी झाडांची बाग 'रान' दिसू नये म्हणून काय करावं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत बागप्रेमींचा एक गट आहे. आजवर गुलाबाची छाटणी, मावा आणि शेणखत यापलीकडे गाडी जात नव्हती. यंदा मात्र कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये इथलीच झाडं लावून नीट आखलेली बाग करायचं मनात आहे.

जागेचे दोन स्वभाव आहेत. पूर्वेला काळी माती, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि ऑगस्टमध्ये तळं. पश्चिमेला बांधकामाचा राडारोडा, खाली मुरूम. बोअर मार्चनंतर दम तोडतो. ठिबकची चिंता नाही, द्राक्षवाल्यांच्या गावात नळ्या जोडणारा माणूस गल्लीत मिळतो.

खरी अडचण ज्येष्ठ मंडळींची. त्यांना लॉन, कडेने पिवळा ड्युरांटा आणि दोन बॉटल पाम हवेत. "पैसे घालून रानच उगवायचं तर पांडवलेणीला फिरायला जाऊ की!" असं एक आजोबा म्हणाले. (मादागास्करच्या गुलमोहराला मात्र ते आपलाच मानतात.) पण त्यांचा एक मुद्दा मला पटतो: संध्याकाळी बाकावर बसायला सावली लागते, आणि आपली बरीच झाडं ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतात.

तर ड्युरांटाऐवजी कुंपणाला काय लावू? बकऱ्या येतात. मुलं खेळतात तिथे लॉनला पर्याय आहे का? आणि पाणी साचतं तिथे काय टिकेल?

मुरूमवाला:
सावलीसाठी करंज डोळे मिटून लावा. पानं थोडेच दिवस गळतात, एप्रिलमध्ये पोपटी पालवीने भरून जातो. सोबतीला कडुनिंब. बहावा बाकांपासून लांब, पण गेटमधून दिसेल असा. तो पिवळा झुंबरासारखा फुलला की आजोबाच फोटो काढतील.

कुंपणाला अडुळसा. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि कात्री चालवली की दाट होतो. रस्त्याच्या बाजूला करवंद लावा. वाढ हळू असते, पण एकदा जमली की काटेरी तारेची गरज नाही. मुरमाच्या अंगाला धायटीची झुडपं. उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत. राडारोड्याचा वरचा थर मात्र आधी उचला, सिमेंट-चुन्यात रोप रुसतं.

पाणी साचतं तिथे पळस. त्याचं सोटमूळ दुखावलेलं चालत नाही, म्हणून मोठं रोप आणण्यापेक्षा ताजं बी पावसाच्या सुरुवातीला जागेवरच पेरा. निचऱ्याच्या चरात वाळा (खस गवत).

अंगणातली_निर्गुडी:
ज्येष्ठांना ड्युरांटा नकोच आहे हो, त्यांना नीटनेटकेपणा हवाय. ते झाडाच्या जातीवर नसतं, आखणीवर असतं. प्रत्येक जातीचं एकेक झाड आणून संग्रहालय करू नका. धायटी लावायची तर सात-आठ एकत्र. पायवाटेची कड सरळ ठेवा, कडेचा अडुळसा गुडघ्याएवढा छाटा, त्यामागे निर्गुडी मोकळी वाढू द्या. पुढची ओळ शिस्तीत असली की मागचं रान खपून जातं. झाडांना नावांच्या पाट्याही लावा.

मुलांच्या जागेत हरळी पुरे. उन्हाळ्यात पिवळी पडेल, पहिल्या पावसात परत येईल. बाकी ठिकाणी पालापाचोळ्याचं आच्छादन. तो जाळू नका, एवढं ठरावात लिहून घ्या.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. अंजनेरीच्या डोंगरावरून कंदिलपुष्पासारखं दुर्मिळ रानफूल किंवा कुठलाही कंद उपटून आणायचा मोह टाळा. तिथलं वैभव तिथेच जगतं, आपल्या वाफ्यात मरतं.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. पहिल्या ओळीला शिस्त, मागे मोकळीक, हे मंडळींना कागदावर काढून दाखवतो. करंज किती अंतरावर? पश्चिमेला कंपाउंडला लागून विजेच्या तारा आहेत.

मुरूमवाला:
दोन करंजांत वीस-पंचवीस फूट. तारांखाली करंज नकोच, तिथे धायटी आणि निर्गुडी. आणि शक्य असेल तर उन्हाळ्यातच खड्डे खणून तापू द्या.