आखेनमधले पहिले सत्र

परदेशी शहरात पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त त्रास थंडीचा आणि जेवणाचा होतो, असे अनेकजण सांगतात. जर्मनीतील आखेन शहरात शिकताना मला मात्र त्याहून जड गेली ती पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र हवे असते आणि त्या नोंदणीवाचून पुढची अनेक कामे अडतात. म्हणून खोली ठरवतानाच हे पत्र मिळेल का, हे प्रत्येकाने स्पष्ट विचारून घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन.

वर्गातल्या रीतीही नवीन होत्या. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. गुणांचा क्रमही उलटा असतो: १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. टक्केवारीत वाढलेल्या मनाला हे पचायला एक परीक्षा जावी लागली.

रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात, हे ठाऊक नसल्याने पहिल्या रविवारी माझ्याकडे पाव आणि दोन सफरचंदे एवढेच उरले होते. त्या दुपारी मी चालत कॅथेड्रलमध्ये गेले. शार्लमेन राजाने उभारलेली ती अष्टकोनी वास्तू १९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत आली. घुमटाखाली तासभर बसून राहिले आणि बाहेर येऊन आईला पहिल्यांदा न रडता फोन केला.