शहापूर तालुका, 9 हजार वस्तीचं गाव: नवी पाणी योजना करावी की चार बोअर मारावेत?

हायवेकाठचा:
नमस्कार मंडळी. नाशिक हायवेला लागून आमचं गाव. बिल्डिंगा नि चाळी धरून आता 9 हजार वस्ती झालीय. मी पाणीपुरवठा समितीत आहे, म्हणजे शिव्या खायच्या जागेवर. भातसा नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून सव्वातीन किलोमीटर रायझिंग मेन (पंपाने पाणी वर चढवणारी लाइन), टेकडीवर 2 लाख लिटरची टाकी. पंप रोज 8 तास चालतो. तरी वरच्या आळीत एक दिवसाआड पाऊण तास पाणी, आणि एप्रिल लागला की टँकर. तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, भातसा धरणही आमच्याच तालुक्यात. धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात ते आमच्यासाठीच.

आता ग्रामसभेत तीन तट पडलेत. एक म्हणतो मोठा पंप आणि 5 लाख लिटरची नवी टाकी. दुसरा म्हणतो चार बोअर मारा, मोकळे व्हा. तिसरा इगतपुरीकडच्या भावली धरणाचं पाणी उताराने येणार म्हणून बसून आहे. पुढच्या महिन्यात प्रस्ताव द्यायचाय. काय मागू?

कळवेकर:
बोअर मारा भाऊ. आमच्या सोसायटीत मारलं, तीनशे फुटांवर मस्त पाणी.

निवृत्त शाखा अभियंता, ठाणे:
कळवेकर, सोसायटी वेगळी नि गाव वेगळं. आपल्याकडे काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत. पावसाळ्यात बोअर फुल्ल, मार्चनंतर नुसती हवा. बोअरची क्षमता मे अखेरीस तपासायची असते, ऑगस्टमध्ये नाही. वाडीपाड्याला जोड म्हणून ठीक, 9 हजार वस्तीचा भार त्यावर टाकू नका.

तुमची नदी मेमध्येही वाहते, कारण मुंबईचं पाणी धरणातून सोडतात ते त्याच पात्राने पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, चांगला आहे. पण वाहतं दिसलं म्हणून वाटेल तेवढं उचलता येत नाही, वाढीव उचल असेल तर जलसंपदा विभागाकडून आरक्षण घ्यावं लागेल. तो कागद आधी धरा, त्यात वेळ जातो.

मात्र नवीन काही मागण्याआधी एक काम करा. टाकीचा आउटलेट बंद ठेवून पंप तासभर चालवा आणि पाणी किती चढलं ते टेपने मोजा. टाकीचा व्यास किती, पंपावर काय लिहिलंय, तेही कळवा.

हायवेकाठचा:
काका, रविवारी पहाटे मोजलं. वॉल्व्हमन वर, मी शिडीवर, तोंडात टॉर्च. टाकीचा आतला व्यास 8 मीटर. तासात 78 सेंटीमीटर चढलं. पंपाच्या पाटीवर तासाला 60 हजार लिटर लिहिलंय.

निवृत्त शाखा अभियंता, ठाणे:
शाब्बास. 8 मीटर व्यासाला एक सेंटीमीटर म्हणजे साधारण 500 लिटर. 78 गुणिले 500, म्हणजे 39 हजार. तासाला 21 हजार लिटर टाकीत पोचतच नाही. 8 तासांचे 3 लाख 12 हजार, माणशी जेमतेम 35 लिटर. केंद्राच्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. सगळं पाणी टाकीत पोचलं असतं तर आजच 53 पडलं असतं.

आता हे 21 हजार वाटेत सांडतात की पंपच थकलाय ते बघायचं. जॅकवेलच्या तोंडाशी मीटर बसवा. तिथे 60 हजार आले तर दोष लाइनीत, तिथेही कमीच आले तर इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) बघा. तोवर पंप चालू असताना लाइन पायी चालून बघा. प्रत्येक एअर व्हॉल्व्हपाशी (लाइनीतली हवा बाहेर सोडणारी झडप) थांबा.

मोठ्या पंपाचंही सांगतो. पुढच्या 30 वर्षांचं, 15 हजार वस्तीचं, माणशी 70 लिटरने धरलं तर रोज साडेदहा लाख लिटर लागेल, गळती वेगळी. नुसतं 10 लाख लिटर 60 मीटर चढवायला पावणेतीनशे युनिट वीज जाते, रोज. महिन्याला आठ हजारांवर युनिट. पाणी गळणाऱ्या लाइनीला मोठा पंप जोडलात तर गळतीही मोठी होईल, आणि बिल तुमच्याच माथी.

मुरबाडवाली:
वीजबिलाचं काका बोलले ते खरं. आमच्याकडे पंप नवाकोरा होता, बिल थकलं म्हणून तीन आठवडे बंद. बायका परत विहिरीवर. दादा, प्रस्तावाच्या आधी पाणीपट्टी किती घरं भरतात ते काढा. आणि नवी टाकी घेतलीत तर वरच्या आळीची लाइन वेगळी काढा. खालच्यांच्या मोटारी सुरू झाल्या की वर नुसता नळ फुसफुसतो. ठेकेदार म्हणेल गरज नाही, ऐकू नका.

हायवेकाठचा:
काल चाललो. दुसऱ्या एअर व्हॉल्व्हखाली एवढं डबकं साचलंय की म्हशी बसतात त्यात, आम्हाला वाटायचं झरा आहे. आणि पुढे कुडाच्या आड मेनलाच एक इंची पाइप जोडलेला, थेट एका फार्महाऊसच्या तलावात. कोणाचं ते इथे लिहीत नाही, पण ग्रामसभेत सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असतो, नव्या टाकीसाठी.

निवृत्त शाखा अभियंता, ठाणे:
पाइप कापण्याआधी पंचनामा करा, फोटो काढा, ग्रामसेवकाची सही घ्या. व्हॉल्व्ह मात्र आजच बदला. मग परत शिडीवर चढा आणि आकडा कळवा.