मदत हवी आहे: लाकडी पेलेटची प्रत घरच्या घरी कशी ओळखायची? महाग माल खरंच परवडतो का?

शिशिर:
नमस्कार मंडळी. आमचं घर पेलेटच्या (वाळलेला भुसा दाबून केलेल्या लहान कांड्यांच्या) शेगडीवर गरम होतं. थंडी सुरू व्हायच्या आत हंगामभराचं जळण एकदम भरून ठेवायचं आहे, पण कोणता माल घ्यावा ते ठरत नाहीये. घरात आजारी वडील आहेत, त्यामुळे ऐन थंडीत शेगडी अडून बसलेली चालणार नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, पिशवीवर एन-प्लस ए१ चा (पेलेटच्या प्रमाणपत्रातल्या सर्वांत वरच्या प्रतीचा) शिक्का असलेला, फिकट रंगाचा, सगळ्यात महाग.

दुसरा, पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'प्रीमियम' आणि '१०० टक्के नैसर्गिक' लिहिलेला. शिक्का नाही, नंबर नाही. रंग गडद तपकिरी. भाव मधला. सध्या हाच वापरतोय.

तिसरा, खुला माल. विक्रेता 'मिश्र लाकूड आहे' एवढंच सांगतो. सगळ्यात स्वस्त.

अडचण अशी की सध्याच्या मालाने जळणपेटीच्या तळाशी चकचकीत, कडक खंगर धरते. शेगडी गार झाल्यावर पेचकसाने टोकरून काढावी लागते. हवेची भोकं बुजली की ज्योत लांब, सुस्त आणि तांबूस होते, आणि संध्याकाळपर्यंत काच काळी पडते. विक्रेता म्हणतो शेगडीत दोष आहे. शेगडी बसवणारा म्हणतो पेलेट खराब आहेत. दोघांच्या मध्ये आम्ही अडकलोय.

विचारायचं हे: (१) घरी बसून प्रत तपासायची काही खात्रीची पद्धत आहे का? (२) महाग पेलेटमधून उष्णता खरंच जास्त मिळते का, की नुसते शिक्क्याचे पैसे? (३) गडद रंग म्हणजे हलक्या प्रतीचा माल, हे कितपत खरं?

आगाऊ आभार.

रानवाट:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण भावाचं सगळं कोडं तिथेच आहे.

निव्वळ लाकडाचे आणि नीट वाळवलेले पेलेट असतील तर उष्णतेत फार फरक पडत नाही. आयएसओ १७२२५-२ या मानकात घरगुती पेलेटची किमान उष्णता किलोला ४.६ किलोवॅट-तास धरली आहे आणि ओलावा जास्तीत जास्त १० टक्के. आता ६ टक्के ओलाव्याचा माल घेतला तर किलोला साधारण ४.९ मिळतात, १० टक्क्यांच्या मालाला ४.६ ते ४.७. म्हणजे फरक पाच टक्क्यांच्या आसपास. पाइन-स्प्रूससारख्या मऊ लाकडात राळ आणि लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य) जास्त, म्हणून किलोमागे उष्णता किंचित जास्त. ओक-बीचसारख्या कठीण लाकडात किंचित कमी. पण तोही फरक थोडाच. त्यामुळे कुणी 'आमचे पेलेट तीस टक्के जास्त तापतात' म्हणालं तर तिथून निघावं.

मग जास्तीचे पैसे कशाचे? राखेचे, चुऱ्याचे, आणि प्रत्येक पिशवी सारखी निघण्याचे. ए१ मध्ये राख ०.७ टक्क्यांच्या आत लागते, ए२ मध्ये १.२, बी मध्ये २. शंभर किलो जाळल्यावर ७०० ग्रॅम राख आणि दोन किलो राख, यातला फरक हाताला आणि शेगडीला रोज कळतो.

हिशेब करताना पिशवीचा भाव बघूच नका. काही ठिकाणी पिशवी १५ किलोची असते, अमेरिकेत ४० पौंडांची म्हणजे सुमारे १८ किलोची. भावाला आधी किलोने भागा, मग ४.८ ने (किलोमागची साधारण उष्णता), मग शेगडीच्या कार्यक्षमतेने (८५ टक्के असेल तर ०.८५). जो आकडा येईल तो घरात प्रत्यक्ष मिळालेल्या एका किलोवॅट-तासाचा खर्च. हीटिंग ऑइलशी तुलना करायची असेल तर साधारण दोन किलो पेलेट म्हणजे एक लिटर तेल. तिन्ही मालांचा आकडा काढा आणि इथे टाका.

मेघना_ता:
शिशिर, मी बरीच वर्षं हेच जळण वापरते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नुसत्या रंगावरून काही ठरवू नका. गडद रंग सालीमुळे येतो, कठीण लाकडामुळे येतो आणि भुसा जास्त तापवून वाळवला तरी येतो. यातली साल तेवढी वाईट, कारण तिच्यात राख जास्त आणि बरेचदा माती-वाळूही चिकटून येते. उलट फिकट दिसणारा पेलेटही ठिसूळ निघू शकतो.

रंगापेक्षा अंगावरची चमक बघा. भुसा दाबाखाली साच्यातून जातो तेव्हा गरम होतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच त्याला धरून ठेवतं. हे नीट झालं असेल तर पेलेट गुळगुळीत, किंचित चकाकणारा होतो, आडव्या भेगा नसतात, आणि बोटांत धरून वाकवला की खडूसारखा कट्कन मोडतो. चिमटीत चुरगळला तर तो माल घेऊ नये. वासही घ्या. ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास यायला हवा. रंग, डिंक किंवा रसायनाचा वास आला तर ते फर्निचरचं नाहीतर पाडकामाचं लाकूड असू शकतं. ते घरात अजिबात जाळू नका, भाव कितीही कमी असो.

पेल्यात पाणी घेऊन चार पेलेट टाकायचीही पद्धत आहे. चांगले लगेच तळाशी जातात, थोड्या वेळात फुगून त्यांचा स्वच्छ भुसा होतो. तरंगले तर नीट दाबलेले नाहीत. ढवळून बघा, तळाशी वाळू बसते का, पाण्यावर प्लास्टिकचे किंवा रंगाचे कण येतात का. राख मात्र याने कळत नाही.

शेगडीदुरुस्ती:
माझं कामच शेगड्यांचं. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी वेगळ्या करू.

खंगर धरणं हे बहुतेक वेळा पेलेटचंच लक्षण. राख वितळून पुन्हा घट्ट होते तिला आपण खंगर म्हणतो. स्वच्छ लाकडाची राख बाराशे अंशांच्या वर तग धरते. एन-प्लसमध्ये ए१ साठी तशी अटच आहे. भुशात वाळू, साल किंवा काड मिसळलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. गव्हाच्या काडाची राख हजार अंशांच्या आतच मऊ पडते. जळणपेटीतल्या निखाऱ्यात एवढं तापमान सहज होतं.

काच काळी पडणं आणि ज्योत सुस्त होणं यात मात्र शेगडीचाही हात असू शकतो. दाराची दोरी (गॅस्केट) सैल झाली, धुराड्यात राख साचली, पंख्याची पाती माखली, की हवा कमी पडते आणि उत्तम पेलेटही काजळी धरतात. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर दोरी बदला. धुराडं आणि पंखा साफ करून घ्या. त्यानंतर माल तपासा, नाहीतर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

अजून एक गोष्ट ग्राहकांना कुणी सांगत नाही. शेगडीतला स्क्रू पेलेट वजनाने टाकत नाही, आकारमानाने टाकतो. माल बदलला की त्याच फेऱ्यांत पडणारं वजन बदलतं. मानकात एक लिटर पेलेटचं वजन ६०० ते ७५० ग्रॅम चालतं, म्हणजे दोन चांगल्या मालांतही बराच फरक पडू शकतो. म्हणून नवा माल घेतला की हवेचं सेटिंग पुन्हा लावायचं. लांबीही बघा, ४० मिलिमीटरपेक्षा लांब तुकडे हॉपरमध्ये (पेलेट भरायच्या टाकीत) आडवे अडकून कमान धरतात आणि शेगडी उपाशी राहून विझते.

पानगळ:
शिक्क्याबद्दल थोडं. 'प्रीमियम' हा शब्द पिशवीवर कुणीही छापू शकतो. अमेरिकेत पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रात 'प्रीमियम' ही खरी श्रेणी आहे, राख १ टक्क्याच्या आत, पण तिथेही संस्थेचा शिक्का सोबत असावा लागतो. एन-प्लसच्या शिक्क्याखाली देशाची अक्षरं आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक एन-प्लसच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा आणि कंपनीचं नाव जुळतंय का बघा. खोटे शिक्के मारणाऱ्यांची यादीही तिथे असते. तुमच्या पहिल्या पर्यायाचं हे आधी करा. क्रमांकच नसेल तर शिक्क्याला काही अर्थ नाही.

शिशिर:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

आधी शेगडी बघितली. कागदाची पट्टी बिजागरीच्या बाजूला अलगद सुटून आली, म्हणून दोरी बदलून घेतली आणि धुराडं साफ करून घेतलं. ए१ चा क्रमांक यादीत सापडला, नावही जुळलं.

मग पहिल्या दोन्ही मालांच्या १५ किलोच्या पिशव्या तीन मिलिमीटर भोकांच्या चाळणीने चाळल्या. ए१ मधून ४० ग्रॅम चुरा पडला, 'प्रीमियम'मधून २६० ग्रॅम. लिटरचं माप भरून तोललं तर ए१ ६८० ग्रॅम, दुसरा ६१० ग्रॅम. दोन्ही पाण्यात बुडाले, पण दुसऱ्याच्या पेल्यात तळाला बारीक रेती राहिली. बोटांनी चोळली तर करकर लागत होती.

प्रत्येकी साठ किलो जाळून राख तोलली. ए१ ची ३२० ग्रॅम, दुसऱ्याची १ किलो १०० ग्रॅम. काच दोन्हींत आधीपेक्षा पुष्कळ स्वच्छ राहिली, म्हणजे दोरीचा भाग होताच. खंगर मात्र दुसऱ्यातच धरली. ए१ ची राख मऊ, चिमटीत पीठ होणारी.

रानवाट, तुमच्या पद्धतीने हिशेब केला. ए१ 'प्रीमियम'पेक्षा किलोवॅट-तासामागे सुमारे बारा टक्के महाग पडतो. खुला माल सगळ्यात स्वस्त, पण विक्रेता नमुन्याचे दोन किलोसुद्धा वेगळे द्यायला तयार नाही. काय करावं?

रानवाट:
नमुना देत नाही त्याच्याकडून हंगामाचा माल घेऊ नका.

चाळणीचा निकाल बोलका आहे. एन-प्लसमध्ये लहान पिशवीत चुरा ०.५ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे १५ किलोला ७५ ग्रॅम. २६० ग्रॅम म्हणजे पावणेदोन टक्के. तो चुरा तुम्ही पेलेटच्याच भावाने घेताय, शिवाय तो स्क्रूमध्ये साचतो. घरी तोललेल्या राखेत थोडा न जळलेला कोळसा येतो आणि थोडी राख धुराड्यात जाते, त्यामुळे टक्केवारी अगदी काटेकोर धरू नका. पण एकाच शेगडीत तिपटीहून जास्त फरक दिसतोय, तो खराच आहे. बारा टक्क्यांत तुम्हाला न अडणारी शेगडी मिळतेय. वडिलांचं लक्षात घेता माझं मत ए१ च्या बाजूने. खंगर न धरणारा ए२ कुठे मिळाला तर तोही चालेल.

मेघना_ता:
सहमत. पण सगळा हंगाम एकाच खेपेत घेणार असाल तर पिशव्यांवरचा उत्पादनाचा क्रमांक एकच आहे का बघा. ज्या खेपेची चाचणी केलीत तीच मिळायला हवी.

शिशिर:
ए१ च घेतो. शेवटचा प्रश्न, साठवण. तळघरात एक बंद खोली आहे, कोरडी आहे. तिथे पिशव्या रचल्या तर चालेल ना? पुढे कधी खुला ए१ टँकरने भरून घेतला तर?

शेगडीदुरुस्ती:
पिशव्यांना चालेल, पण जमिनीवर नको. फळ्यांच्या लाकडी चौकटीवर, भिंतीपासून हातभर लांब. पिशव्यांना बारीक छिद्रं असतात, दमट हवा आत जाते. एकदा पाणी लागलेला पेलेट वाळवून पुन्हा पेलेट होत नाही, तो भुसाच.

खुल्या मालाची खोली हा गंभीर विषय आहे. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, लाकडातल्या स्निग्ध आम्लांचं हवेशी ऑक्सिडीकरण होऊन. ताज्या पाइनच्या मालात हे प्रमाण जास्त असतं. या वायूला वास नाही, रंग नाही. युरोपात पेलेटच्या कोठारात शिरून माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे खुला माल भरायचा झाला तर खोलीला बाहेर उघडणारं कायमचं वायुवीजन हवं, आत जाण्याआधी दार उघडं ठेवून हवा खेळू द्यायची आणि एकट्याने उतरायचं नाही. सध्या पिशव्या ठेवणार असलात तरी त्या खोलीला एक झरोका करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडीच्या खोलीत आणि वडील झोपतात तिथे, दोन्हीकडे बसवा. पेलेट कोणतेही घेतले तरी हा खर्च आधी.

शिशिर:
अलार्म शेगडीच्या खोलीत आहे, वडिलांच्या खोलीत नाही. उद्याच आणतो. झरोक्याचं काम माल येण्याआधी उरकून घेतो.